मैदानावरचं गाऱ्हाणं

"चपला काढा रे बाबांनो!" असं भोंग्यावरून ओरडल्याशिवाय आबांनी आयुष्यात एकही फुटबॉलची मॅच सुरू होऊ दिली नाही.

मॅचचा आणि चपलांचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारत असे, आणि पुष्कळ मोठ्या आवाजात. पण आमच्या डिचोली तालुक्यातल्या या गावात मॅचच्या आधी मैदानावर गाऱ्हाणं व्हायचं. एकाने देवाकडे मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी एका दमात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. देवळात असतं तसंच. देवापुढे पायात चपला नकोत, म्हणून पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्यांनी चपला काढायच्या. बूट घातलेल्या खेळाडूंना तेवढी सूट. "तेंच्या लेशी सोडून परत बांदीसर काळोख पडात," असं ते स्वतःच सांगायचे.

गावात सगळे त्यांना आबा म्हणत. सिंधुदुर्गातून खाणीवर ट्रक चालवायला आले, माझ्या जन्माच्या आधी. खाण बंद पडली, ट्रक गेला, बायको गेली, मुलगी लग्न होऊन कुडाळला गेली. हे मात्र इथेच राहिले, मैदानाला लागून असलेल्या एका भाड्याच्या खोलीत. भोंगा त्यांचा, माईक त्यांचा, आणि बोलणंही सगळं त्यांचंच.

ते बोलणं किती लांबावं याला काही सुमार नव्हता. दोन्ही संघ उन्हात उभे. रेफ्री घड्याळ बघतोय. आणि आबा डोळे मिटून:

"बा देवा म्हाराजा, आज आमोण्याची पोरां आमच्या मैदानार खेळूक इली हत."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या पायाक काय दुखापत होऊ नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्याय पोरांच्या पायाक होऊ नये. रेफ्रीच्या डोळ्यांक बरो उजेड दी. लायनमनाक उन्हाची घेरी येऊ नये. जो हरात, तेचो राग घराक पोचासर निवळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यानंतर बॉल, बॉलमधली हवा, भजी तळणारी बाई, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल. एकदा तर समोरच्या संघाच्या गोलकीपरची परीक्षा होती, तिच्यासाठीही मागून झालं. त्याने नंतर आमचे सगळे शॉट अडवले. आमचा कॅप्टन संतापून म्हणाला, "आबा, तुमी आमगेले काय तांगेले?" आबांनी माईक बाजूला धरून त्याला सांगितलं, "आदी बॉल खाली घे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बॉल हवेत उडवणाऱ्या पोरांना तेच, भांडायला आलेल्या माणसालाही तेच, आणि मला तर दिवसातून कितीदा, ते विचारू नका.

मैदान कसं आहे तेही सांगते, कारण ते बघितल्याशिवाय माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. तांबड्या मातीचं मैदान, डोंगराकडून ओहोळाकडे उतरणारं. त्यामुळे एक वरचा गोल आणि एक खालचा गोल. टॉस जिंकणारा दुसऱ्या हाफला उतार मागून घेतो, तेव्हा पाय दमलेले असतात म्हणून. एका अंगाला चिऱ्यांच्या पायऱ्या. बसून बसून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, आणि कुठल्या पायरीवर कुठल्या वाड्याने बसायचं ते कुणी न सांगता ठरलेलं आहे. नेट म्हणजे मासेमारीची जुनी जाळी. एका कॉर्नरवर आंब्याची फांदी आत आलेली, तिला बॉल लागला तरी खेळ थांबवायचा नाही. बाहेरचे संघ या नियमावर हमखास भांडतात, आणि पुढल्या वर्षी हमखास परत येतात. खालच्या गोलाच्या मागे भाताचा मळा. बॉल चिखलात रुतला की तो काढेपर्यंत आबांची कॉमेंट्री चालूच: "बॉल आता इश्रांती घेता." हाफ टाइमला पोदेर पों पों करत येतो, आणि गरम पावात मिरची भजी घालून खाताना म्हातारे आणि पोरं एकाच पायरीवर एकाच रेफ्रीला शिव्या घालतात. संध्याकाळी गावातली सगळी माणसं एका ठिकाणी दिसतील अशी दुसरी जागा आमच्याकडे राहिलेली नाही. देवळात मान असलेले पुढे, बाकीचे मागे. मैदानावर ज्याची पायरी त्याची.

आणि हेच मैदान पंचायत एका बिल्डरला द्यायला निघाली. म्हणे क्रीडा संकुल. मी नकाशा बघितला. दुकानांची रांग, गाड्या लावायला जागा, आणि उरलेल्या कोपऱ्यात जाळीने बंद केलेलं हिरवं प्लास्टिकचं गवत, तासावर भाड्याने. पायऱ्या नाहीत. आंबा नाही. उतारही नाही. क्रीडा कोण करणार, याचा त्या नकाशात पत्ताच नव्हता.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असताना आधी खाणीच्या धुळीवर लिहायला लागले, तेव्हापासून ते सुटलेलं नाही. रात्रीत पत्रक लिहून सकाळी बसस्टॉपवर वाटलं. "मैदान गावाचं, बिल्डरच्या बापाचं नाही!" एक प्रत आबांना दिली. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली.

"बाये, बरां लिवतंस गो तू. पण तेच्या बापाशीक कित्याक मधी हाडलंस? तो बिचारो मेलोसुदा आसात."

"आबा, मैदान जाईल!"

"जाईत तर. मी खंय नाय म्हणतंय?" मग पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे बाहेरून आलेल्यांसाठी मोठ्या अक्षरांत होतं, 'भायल्यांना गावची जमीन नाही.' "आनी माका खंय बसवतलंस?"

"तुम्ही आमचेच, आबा."

"तुझ्या म्हणण्यान?" असं विचारून हसले, आणि गोलपोस्टाला लावायला आणलेला माझा फलक गुंडाळून परत माझ्या हातात दिला. गोलपोस्टावर काही टांगायचं नाही. गोलकीपर बावचळतो. झालं! गाव विकायला निघालंय, आणि यांना गोलकीपरची काळजी.

तरी एक गोष्ट त्यांनी कबूल केली. रविवारी ग्रामसभा होती, आदल्या रविवारी कपाची फायनल. मी म्हटलं, सगळा गाव पायऱ्यांवर असेल, तुम्ही माईकवरून एवढंच सांगा की ग्रामसभेला या आणि ठरावाला नाही म्हणा. आबा म्हणाले, "सांगतंय. गाराणां झाल्यार सांगतंय."

फायनलला समोर नार्व्याचा संघ. पायऱ्या भरल्या होत्या, लोक बांधावर, गाड्यांच्या टपांवर. आणि पुढच्या खुर्च्यांवर पंचांसोबत बिल्डरचा माणूस, पांढऱ्या शर्टात. कप त्याने दिला होता. पंचांनी त्यालाच प्रमुख पाहुणा केला. मी दातओठ खात उभी.

आबांनी चपला काढायला लावल्या. नार्व्याची पोरं झाली, आमची झाली, रेफ्री झाला. लोकांची लय लागली होती. मग आबांची मान खुर्च्यांकडे वळली.

"आनी आज जो पावणो हय येऊन बसलो हा रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्यार काय तरी बांदूक म्हणून जो इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्याय हाताक यश दी, तेचांय बरां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

असा दणका डोंगरावरून परत ऐकू आला. सगळा गाव ओरडला. माझी आईसुद्धा! बिल्डरच्या माणसाचा मोबाईल वर होता, सगळं त्यात गेलं. नंतर आबांनी कबूल केल्याप्रमाणे ग्रामसभेचं सांगितलं, अगदी स्पष्ट. पण ते कोण ऐकणार? टॉस झाला होता, आणि उतार नार्व्याला मिळाला होता.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. वर लिहिलेलं, 'गावाने देवासमोर कौल दिला.'

खोटारडेपणा, म्हणून मी पेटून उठले. नवीन पत्रक काढलं, घरोघर गेले. आणि घरोघर एकच. पसऱ्यावर, म्हणजे वाण्याच्या दुकानात बसणारी, माझ्या प्रत्येक मोर्चाला पुढे असणारी मावशी, तीसुद्धा तांदूळ मापता मापता थांबली.

"आमी व्हय म्हणलां मगो, बाय. देवाक म्हणलां. आता हात वयर करून ना कशें म्हणचें?"

"अगं मावशी, ते सवयीने म्हटलं!"

"सवयीन म्हणलें म्हूण देवान आयकूंक ना?"

यावर काय पत्रक काढणार? कायदा मला माहीत होता. जमिनीचे कागद मी पाठ केले होते. पण तोंडातून गेलेला 'व्हय' परत कसा घ्यायचा, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? दुसऱ्या गावच्या लोकांना सांगितलं तर हसतील. आमच्याकडे हसण्यासारखं काही नव्हतं. लोक ठरावाच्या विरोधात होते, आणि लोक हात वर करणार नव्हते.

मी तणतणत आबांच्या खोलीवर गेले. ते पेज निवत ठेवून लोणच्याची बरणी उघडत होते.

"तुम्ही त्या माणसासाठी मागितलंत? त्याच्यासाठी?"

"बस आदी."

"मी बसायला आले नाही! त्याचं नाव घ्यायची काय गरज होती?"

"नाव खंय घेतलंय?" बरणी खाली ठेवली. "बाये, गाराण्यात कोणाक वगळूचां नसता. समोर आसा तेचां बरां मागूचां. एकाक वगळलां काय ता गाराणां नाय, ती शिवी जाता."

"मग आता मैदान जाऊ दे."

त्यांनी लोणच्याची फोड ताटात काढली. मग म्हणाले, "मी तेचां बरां मागलंय. मैदान तेका दी, असां नाय मागूक."

"हे गावाला कोण समजावणार? मानकरी? आत्ताच जाऊन आले त्यांच्याकडे. काय म्हणाले ऐकायचंय?" मी रागाने सगळं सांगून टाकलं. देवळातल्या मुख्य मानकऱ्यांनी पान जुळवत मला सुनावलं होतं, की गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा हक्क गावकारांचा, गावच्या मूळ घराण्यांचा. भायल्याने घातलं ते गाऱ्हाणंच नव्हे. तसं त्याने स्वतःच्या तोंडाने सगळ्यांपुढे म्हणावं, म्हणजे लोकांचा शब्द आपोआप सुटला. "बघा! इतकी वर्षं मैदानावर ऐकत होते तेव्हा नाही आठवलं भायला! मी यांच्यावरही पत्रक काढणार आहे."

मला वाटलं होतं, आबाही भडकतील. एकदा तरी भडकतील. त्यांनी पेजेचं ताट माझ्याकडे सरकवलं. "खा मगे. थंड जाता."

ग्रामसभेला हॉल भरला. बिल्डरच्या माणसाने मोबाईल माईकला लावून तो व्हिडिओ ऐकवला. "व्हय म्हाराजा!" हॉलमध्ये घुमला, आणि लोकांनी खाली बघितलं. मी उठून कायदा सांगायला लागले. कागद दाखवले, कलमं वाचली. एक पंच जांभई देत म्हणाला, "गो बाय, देवाफुडें कलम कितें वाचता?" सरपंच ठराव मतदानाला टाकणार, इतक्यात मागून दाराजवळून आवाज आला.

"माका वायच बोलूचां आसा."

आबा अनवाणी उभे होते. पंचायतीच्या दारात आणखी कुणी चपला काढत नाही. त्यांनी काढल्या होत्या. माईक नको म्हणाले.

"फायनलीक मी जा घातलंय, ता गाराणां नाय. मी भायलो माणूस. माका ह्या गावाच्या वतीन देवाकडे मागूचो हक्क नाय. आदीय नव्हतो. पोरांच्या खेळात कोणी माका अडवूक नाय, म्हणान बोलत रवलंय. तुमी व्हय म्हटलास ता माज्या बोलण्याक. देवाक नाय. ता धरू नकात."

पंखे फिरत होते. मानकरी पुढच्या रांगेत मान ताठ करून बसले होते, एकानेही वळून बघितलं नाही. मला ओरडायचं होतं, असं नाही म्हणून, हे खोटं आहे म्हणून. पण मी तसं ओरडले असते, तर मैदान गेलं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मावशी उभी राहिली. "म्हणजे आबा, आमचो शब्द सुटलो?"

"सुटलो गो बाये."

"खरेंच?"

"खराच."

ठरावाला नाही म्हणून तिने हात वर केला. मग तिच्या शेजारणीने. मग बांध फुटल्यासारखे हात. ठराव पडला. पोरांनी टेबलं बडवली, घोषणा सुरू झाल्या, मला कुणीतरी उचलल्यासारखं केलं. मी दाराकडे बघितलं, तर आबा लोकांच्या पायांमधून वाकून स्वतःच्या चपला शोधत होते. मघा आत ढकलाढकली झाली तेव्हा त्या कुणाच्यातरी पायांनी लांब गेल्या होत्या. "मिळाल्या, मिळाल्या," असं म्हणत ते निघूनही गेले.

पावसाळा सरला, मळे कापून झाले, मॅची सुरू झाल्या. पहिल्या मॅचला पेडण्याकडच्या हळर्णेचा संघ आला होता. आबा आले, पण पायऱ्यांवर बसले, खाणवाल्यांच्या पायरीवर. भोंगा लावून दिला, माईक तपासून दिला आणि जाऊन बसले. कुणीतरी मानकऱ्यांना गाऱ्हाणं घालायला बोलवायला गेलं. निरोप आला, "मैदानार कसलें गाराणें? देवळांत येयात."

बघा म्हणजे! हक्क यांचा, आणि यायला वेळ नाही!

मी तरातरा पायऱ्या चढले. "आबा, पुरे झालं. तुम्ही घाला. सगळे वाट बघतायत. मानकऱ्यांना कोण विचारतंय?"

"नको."

"अहो, ठराव पडला! मैदान वाचलं! आता काय बिघडणार आहे?"

त्यांनी समोर बोट केलं. रस्त्यावर एक गाडी उभी होती, तिला टेकून पांढऱ्या शर्टातला तो माणूस, हातात मोबाईल. "आज घातलंय तर त्या दिवसाचांय खरां ठारात. मगे तुमचो शब्द परत अडाकलो. आनी ग्रामसभा काय एकदाच जाता?"

"तो कायमचा उभा राहील का तिथे?"

"तो जाईत. दुसरो येईत." मग त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "तू बरी भांडतंस. तसांच भांड. माका आता मॅच बगूंदे. इतकी वर्सां डोळे मिटून चालू केलंय, चालू कशी जाता ती कदी बगूक नाय."

रेफ्रीने शिटी वाजवली. आबा पुढे वाकून बघत राहिले. चेहऱ्यावर काय होतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी रागाने दुसरीकडे बघत होते.

त्यानंतर लवकरच त्यांची मुलगी त्यांना कुडाळला घेऊन गेली. डोळ्यांचं ऑपरेशन होतं. ऑपरेशन चांगलं झालं, असा निरोप आला. परत यायचा निरोप अजून आलेला नाही. खोलीत आता खाणीवरचा दुसरा एक माणूस राहतो. भोंगा आणि माईक क्लबला देऊन गेले.

गेल्या रविवारी पोरांनी माईक माझ्या हातात दिला. "तुला बोलता येतं," म्हणाले. आमचा आणि पुन्हा आलेला हळर्णेचा, दोन्ही संघ ओळीत उभे होते. मी संघांची नावं वाचली, खेळाडूंची वाचली, बिल्डर पुन्हा पंचायतीत येऊन गेला आहे, सावध राहा, तेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तरी मैदानातलं कुणी हललं नाही. हळर्णेचा गोलकीपर, परीक्षेच्या वयाचा मुलगा, माझ्याकडे बघत होता. रेफ्रीने शिटी तोंडात धरली होती, फुंकत नव्हता. त्या मुलाचं बरं होवो, एवढं म्हणायचं होतं. एवढंच. इतकी पत्रकं लिहिली मी, पण ते वाक्य जिभेवर येईना. मी माईक तोंडापासून लांब केला, आणि भोंग्यातून वाऱ्याचा आवाज येत राहिला.